क्रेओल भाषा येत नसेल तर मॉरिशसच्या क्रेओल महोत्सवाला जाण्यात मजा आहे का?

नोव्हेंबरअखेर मॉरिशसला आहात, क्रेओलचं (फ्रेंचवरून घडलेल्या तिथल्या रोजच्या बोलीचं) अक्षर कळत नाही, तरी महोत्सवाला जावं का, असं विचारलंयत. जा की! नोकरीनिमित्त मी दोन वर्षं तिथे होतो. पहिल्या वर्षी याच शंकेपायी घरी बसलो आणि हॉटेलात जेवणाच्या वेळी दाखवतात तोच सेगा (तिथलं पारंपरिक गाणं-नाच) समजत राहिलो. घोळदार झगे, कीबोर्ड, पर्यटकांना ओढून नाचवणं.

दुसऱ्या वर्षी समुद्रकाठच्या कार्यक्रमाला लवकर पोचलो. वाळूत जाळ केला होता आणि एक म्हातारबा त्यावर रावान शेकत बसले होते. रावान म्हणजे लाकडी कड्यावर शेळीचं कातडं ताणलेला, परातीएवढा डफ. दमट हवेने कातडं सैल पडतं. टिचकी मारली की आधी ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज, पुन्हा जाळावर, पुन्हा टिचकी. थोड्या वेळाने असा कडक बोल निघाला की मला थेट गावची हलगी आठवली. आपल्याकडेही ती अशीच शेकून घेतात! जोडीला मारावान, म्हणजे आत बिया भरलेली चपटी पेटी, आणि एक लोखंडी त्रिकोण. नाचताना पाय उचलायचे नाहीत, घासत सरकायचे. सगळी करामत कमरेची.

सेगा हे मुळात मादागास्कर, मोझांबिककडून आणलेल्या गुलामांचं गाणं. गुलामगिरी १८३५ साली संपली, पण प्रतिष्ठित मंडळी त्यानंतरही कितीतरी वर्षं सेगाला नाकं मुरडायची. २०१४ मध्ये तो युनेस्कोच्या वारसा यादीत गेला.

भाषेचं म्हणाल तर माझ्या शेजारच्या बाईंचे पूर्वज कोकणातले निघाले. त्यांची मराठी आरतीपुरती, घरात क्रेओलच. मोडक्या हिंदीत त्यांनी मला दोन गाण्यांचा अर्थ सांगितला आणि गातो पिमां खायला घातले (आपले डाळवडेच, फक्त लहान). ‘की मान्येर?’ म्हणजे ‘कसं काय?’, एवढं पाठ करून जा.

तारखा दरवर्षी बदलतात, कधी डिसेंबरही उजाडतो, तेव्हा तिकिटं काढण्याआधी बघून घ्या. आणि गावाकडच्या बस संध्याकाळीच बंद होतात. परतीची टॅक्सी भाडं ठरवूनच सांगून ठेवा. मी ठेवली नव्हती, दीड तास चाललो.