रोजच्या खाऊला आंबापोळी : पाचाचं गणित

प्रश्न असा आहे : आठ वर्षांच्या मुलीला मधल्या सुट्टीत बिस्किटांऐवजी सुकवलेला आंबा द्यायचाय. दुकानात आंबापोळी, आमपापड, सुके काप असे प्रकार आहेत आणि एकाच वजनाच्या पाकिटांच्या किमतीत तिप्पट-चौपट फरक आहे. काय घ्यावं, आणि रोज दिलं तर चालेल का?

ताई, दोन्हीचं उत्तर एकाच आकड्यात आहे, आणि तो आकडा पाच. आमच्या देवगडच्या घरी दर मे महिन्यात पोळी घालतात, आमच्याकडे तिला साठं म्हणतात. साखर न घालता पाच किलो गर वाळवला की साधारण एक किलो साठं हाती येतं. आंब्याच्या गरात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते उन्हात उडतं आणि गोडवा, आंबटपणा, चोथा मागे राहतो. एवढं लक्षात ठेवलंत तर किंमत आणि प्रमाण दोन्ही तुमचं तुम्हालाच कळेल.

आधी किंमत. हापूसची साल आणि बाठा काढला की फळाच्या वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास गर मिळतो. म्हणजे पाच किलो गराला आठेक किलो आंबे लागले. आता पाकिटावर ‘अस्सल हापूस पोळी’ लिहिलंय आणि किलोचा भाव दोन-तीन किलो आंब्यांएवढाच आहे, तर उरलेलं वजन कशाचं? बहुतेक वेळा साखरेचं, ग्लुकोज सिरपचं, कधी मक्याच्या स्टार्चचं. काही ठिकाणी हापूसऐवजी तोतापुरीचा डबाबंद गर वापरतात. तोतापुरी वाईट नाही. तमिळनाडूतल्या कृष्णगिरी आणि आंध्रातल्या चित्तूरकडे तिच्या गराचा मोठा धंदा आहे आणि तिची पोळी खायला चांगली लागते. फक्त ती तोतापुरी म्हणून, तोतापुरीच्या भावात मिळावी.

मी स्वतः मात्र हापूसची पोळी शोधत बसत नाही. ताज्या हापूसला तोड नाही, पण तो वाळवला की नुसता गोड लागतो, दोन तुकड्यांनंतर तोंडाला मिठी बसते. पोळी खरी रायवळची, म्हणजे कलम न करता बाठ्यापासून उगवलेल्या गावठी आंब्याची. मेच्या शेवटी रायवळीचा सडा पडतो. ते आंबे बाजारात जात नाहीत, टिकतही नाहीत, म्हणून पूर्वीपासून त्यांचा रस काढून वाळवायची पद्धत पडली. रस पातळ, आंबटसर, वासाचा. चोथ्यामुळे पोळीला चिवटपणा येतो. दर झाडाची चव वेगळी, म्हणून दोन घरांची पोळी कधी सारखी लागत नाही. कोकणातून कोणी घरगुती पोळी आणणार असेल तर आवर्जून रायवळची मागा.

आजीची पद्धत सांगते, कारण ती कळली की विकतची पोळी पारखता येते. आंबे धुऊन, पिळून रस चाळणीतून गाळायचा. फारच आंबट असेल तर किलोला शंभर ग्रॅमपर्यंत साखर आणि चिमूटभर मीठ. रस थोडा गरम करून घ्यायचा म्हणजे उन्हात आंबत नाही. ताटांना तुपाचा हात लावून पातळ थर पसरायचा, वरून विरळ पांढरं कापड, आणि ताटं खळ्यातल्या खाटेवर. खाटेचे पाय पाण्याच्या वाटग्यांत, नाहीतर मुंग्या आधी पोचतात. पहिला थर वरून हाताला चिकटेनासा झाला की त्यावर दुसरा, मग तिसरा. कडकडीत ऊन असेल तर चार-पाच दिवसांत पोळी ताटापासून सुटते, मग उलटून दुसऱ्या बाजूला ऊन. मृगाआधी हे सगळं आटपायचं. एकदा मधेच मळभ आलं आणि दोन दिवस ऊन नव्हतं, तेव्हा आजीने सहा ताटं गुरांपुढे ओतली, आम्हाला चाखूही दिली नाहीत. आंबूस वास आला की पोळी गेली, हे मी त्या दिवशी शिकले.

थरांची पोळी सोलली की पदर सुटतात, आणि उजेडात धरली तर चोथ्याचे धागे दिसतात. ही खुणेची गोष्ट. एकजिनसी, काचेसारखी चकचकीत, रबरासारखी ताणली जाणारी पोळी साखरेच्या किंवा स्टार्चच्या जोरावर उभी असते. रंगही पाहा. नुसत्या आंब्याची पोळी नवी असताना गडद पिवळी-केशरी असते आणि महिने जातील तशी तपकिरी होत जाते. वर्ष उलटूनही झेंडूसारखी केशरी असेल, तर रंग तरी घातलाय किंवा सल्फाइट, म्हणजे रंग टिकवणारं गंधकाचं संरक्षक.

म्हणून पाकीट उलटं करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. पहिला शब्द ‘आंब्याचा गर’ हवा. पहिली साखर असेल तर ती आंब्याच्या चवीची साखर आहे. हमरस्त्यावरच्या एका दुकानातून मी एकदा घाईत अर्धा किलो घेतली, घरी येऊन वाचलं तर साखर पहिली आणि खाली आयएनएस ११०. आयएनएस म्हणजे खाण्यात घातलेल्या रंग-संरक्षकांसारख्या द्रव्यांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. ११० हा खायचा केशरी रंग, आयएनएस १०२ हा पिवळा. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल आणि ४४० म्हणजे पेक्टिन. हे दोन्ही फळांत मुळातच असतात, त्यांना घाबरू नका. २२० ते २२४ मात्र नीट बघा. ही गंधकाची संरक्षकं, म्हणजे सल्फाइट. सगळ्यांना त्रास होत नाही, पण दम्याच्या काही रुग्णांना त्यांनी झटका येऊ शकतो. किलोला दहा मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर तसं वेष्टनावर लिहिणं बंधनकारक आहे. मुलीला दमा असेल तर असं पाकीट घेऊच नका.

काप हा वेगळा प्रकार. फिलिपिन्सच्या सेबूहून येणारे काराबाव आंब्याचे काप प्रसिद्ध आहेत, थायलंडचेही मिळतात. चव छान, पण यातले बरेचसे साखरेच्या पाकात मुरवून मग वाळवलेले असतात आणि सल्फाइटही असतं. बिनसाखरेचे काप दिसायला साधे, निस्तेज, थोडे काळपट आणि चावायला चिवट असतात. पहिल्यांदा मुलं नाक मुरडतात, पण चघळलं की आंबा कळतो. आमपापड म्हणून उत्तरेकडचा जो मिळतो तो बऱ्याचदा काळं मीठ, जिरं घातलेला असतो. मोठ्यांना आवडेल, आठ वर्षांच्या मुलीला कदाचित नाही. आंध्रातून कोणी येणार असेल तर गोदावरीकाठच्या आत्रेयपुरमची मामिडी तांद्र सांगा. आपल्या साठांचीच बहीण ती, पण जाड आणि भरपूर थरांची.

आता रोजचं. पुन्हा पाच. पंचवीस ग्रॅम शुद्ध पोळी म्हणजे सव्वाशे ग्रॅम गर, म्हणजे जवळजवळ एक मध्यम हापूस. त्यात सतराएक ग्रॅम साखर आंब्याची स्वतःचीच आहे. मूल एका बैठकीला चार आंबे सहसा खात नाही, पण शंभर ग्रॅमची पोळी बोलता बोलता संपवतं. म्हणून पाकीट मुलीच्या हाती देऊ नका. बोटभर रुंदीच्या तीन-चार पट्ट्या, वीस ग्रॅमच्या आत, आणि सोबत मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे. शेंगदाण्यांनी पोट भरतं, पोळीने मन भरतं. आठवड्यातून तीन-चार दिवस ठीक. बाकीच्या दिवशी ताजं फळ द्या, कारण वाळवताना क जीवनसत्त्व बरंच जातं. पोळी दाढेत चिकटते, तेव्हा खाल्ल्यावर खळखळून चूळ भरायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. घरात कोणाला मधुमेह असेल तर ‘बिनसाखरेची’ या शब्दावर त्यांनी जाऊ नये. वर न घातलेली साखरही साखरच आहे.

उपासाला चालते का, हे पुढे कोणीतरी विचारेलच. आंबा चालतो, पण मक्याचा स्टार्च असेल तर अनेक घरांत चालणार नाही, म्हणून तिथेही घटक वाचा.

साठवण : दोन पदरांत बटर पेपर घालून स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि पावसाळ्यात डबा फ्रिजमध्ये. काही महिन्यांनी वर पांढरं दिसलं तर बोटाने चोळून बघा. खरखरीत, कणीदार लागलं तर साखर वर आली आहे, खुशाल खा. मऊ, कापसासारखं आणि कुबट वासाचं असेल तर बुरशी आहे. तेवढा तुकडा कापून बाकीची ठेवायची नाही, लागून असलेली सगळी टाकायची.

आणि एक मे महिना घरीच करून बघा. फ्लॅटमध्ये ऊन येत नसेल तर ओव्हन साठ-पासष्ट अंशांवर, दार किंचित उघडं, तूप लावलेल्या बटर पेपरवर तीन-चार मिलिमीटर रस. सहा ते आठ तासांत एका थराची पोळी होते. पायरी मिळाला तर पायरी घ्या, हापूसपेक्षा आंबटसर असतो आणि शहरात रायवळपेक्षा सहज मिळतो. कडा आधी वाळतात, मध्य शेवटी. मधे बोट चिकटलं नाही की काढा आणि कोमट असतानाच गुंडाळ्या करा, गार झाल्यावर मोडतात.