नव्या सहकाऱ्याचे पहिले दोन महिने

कोथरूड, पुणे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. दिवाळीपासून तू अकरा जणींना आपल्या थेट विक्रीच्या, म्हणजे कंपनीच्या वस्तू घरोघरी विकण्याच्या, टीममध्ये जोडलेस, त्यांपैकी तिघीच आता फोन उचलतात, असे तू लिहिले आहेस, आणि शेवटी यादीसाठी नवी नावे कोठून आणावीत, असे विचारले आहेस. माझे स्पष्ट मत असे की, सध्या नवी नावे आणूच नयेत. ज्या आठ जणी गप्प झाल्या, त्या का गप्प झाल्या हे तुला उमगले नाही, तर पुढच्या वीस जणीही त्याच वाटेने जातील.

जॉइनिंगच्या दिवशी नव्या व्यक्तीभोवती पुष्कळ माणसे असतात. प्लॅन, म्हणजे विक्रीतून आणि टीममधून कमाई कशी होते ते, समजावला जातो, हॉलमध्ये टाळ्या वाजतात, कंपनीत तिच्या नावाची नोंद होऊन आयडी लागते आणि मालाची पिशवी हातात येते. दुसऱ्या दिवशी मात्र ती घरी एकटी असते, ‘हे एवढ्या किमतीला कोण घेणार?’ असे घरातलेच कोणीतरी विचारते आणि त्याचे उत्तर तिला कोणी शिकवलेले नसते. मग ती एखाद्या जावेला, एखाद्या मैत्रिणीला भिडेखातर वस्तू घ्यायला लावते, ती भीड संपली की विक्रीही संपते, आणि महिनाअखेरीस क्लोजिंगच्या, म्हणजे महिन्याचा हिशेब बंद होण्याच्या, वेळी अपलाइनचा, म्हणजे तिला टीममध्ये जोडणाऱ्या व्यक्तीचा, फोन येतो तो मालाच्या खरेदी-विक्रीवर मिळणारे पॉइंट किती झाले एवढेच विचारायला. अशा वेळी फोन न उचलणे हे मला आळसाचे नव्हे, तर संकोचाचे लक्षण वाटते.

म्हणून पहिले दोन महिने तिचे काम हे तुझेच काम समज. पहिल्या आठवड्यात तिच्या घरी जा आणि तिने कोणत्या दोन वस्तू स्वतः वापरायच्या ते तिच्याबरोबर ठरव. संपूर्ण कॅटलॉग तिच्यापुढे ठेवू नकोस, कारण जी वस्तू तिने वापरलेली नाही तिच्याबद्दल तिचे बोलणे पाठ केलेले वाटणार. ओळखीच्या शंभर नावांची यादी लिहून घेण्याची जी रीत आहे ती मला फारशी पटत नाही. त्याऐवजी दहाच नावे लिहून घे, पण प्रत्येक नावापुढे त्या घरात कोणत्या वस्तूची खरोखर गरज आहे हे तिला लिहायला सांग. ज्या नावापुढे काहीच लिहिता येत नाही, ते नाव खोडावे.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच बहुतेक लीडर टाळतात. पहिल्या काही भेटींना तू तिच्यासोबत जा. आरंभी तू बोल आणि तिला ऐकू दे. मग ती बोलेल आणि तू गप्प बसशील, ती अडखळली तरीही मध्ये पडणार नाहीस. भेट संपल्यावर खाली पार्किंगमध्ये उभे राहून दहा मिनिटे बोला आणि सुधारण्याची एकच गोष्ट तिला सांग, कारण पाच गोष्टी सांगितल्यास ती एकही लक्षात ठेवणार नाही. धायरीहून हडपसरला एका भेटीसाठी जाण्यात तुझी अर्धी संध्याकाळ जाईल, हे मला ठाऊक आहे; तरीही जा. प्लॅनची नव्हे, केवळ वस्तूची गरज असलेल्या ग्राहकाला तिने स्वतः विक्री केली आणि त्या ग्राहकाने महिन्याभरात पुन्हा मागणी केली, की तिचा या कामावर जो विश्वास बसतो तो कोणत्याही सेमिनारने बसत नाही.

तिला कायदाही पहिल्याच आठवड्यात समजावून सांग. ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, 2021 यांनुसार ओळखपत्र आणि आधी घेतलेली वेळ यांशिवाय कोणाच्या घरी जाता येत नाही. सोसायटीच्या फाटकावर वॉचमनने हटकले म्हणून अपमान वाटून घेण्यापेक्षा आदल्या दिवशी फोन करणे हेच कायद्याला आणि सभ्यतेला धरून आहे. जॉइनिंगसाठी प्रवेशशुल्क घेता येत नाही. वाजवी काळात विकला जाणार नाही इतका माल कोणाला घ्यायला लावणेही या नियमांत बसत नाही, आणि केवळ माणसे जोडण्याबद्दल पैसे देणारी पिरॅमिड योजना तर त्यांनी थेट बंदच केली आहे. तेव्हा रँक, म्हणजे कंपनीतली वरची पायरी, गाठण्यासाठी एखादीच्या नावावर महिनाअखेरीस माल उचलण्याचा मोह तुला झाला, तर तो माल तिच्या कपाटात पडून राहणार आहे आणि तिच्या घरचे लोक तो रोज पाहणार आहेत, हे ध्यानात ठेव.

आरोग्याच्या वस्तूंबाबत अधिक कडक राहा. पूरक आहाराच्या डब्यावर तो औषधी वापरासाठी नाही असे छापलेले असते. ‘याने साखर उतरते’ असे एखादी नवी सहकारी उत्साहाच्या भरात बोलली, तर तिला तेथेच थांबव. मधुमेह बरा करण्याच्या जाहिराती 1954 च्या कायद्याने निषिद्ध आहेत, आणि एखाद्या आजोबांनी आपली गोळी बंद केली तर होणारे नुकसान कोणत्याही कमिशनने भरून निघणार नाही.

दर महिन्याला तिच्यासोबत वही घेऊन हिशेब कर. समज, चारशे रुपयांना मिळणारी वस्तू ती पाचशेला विकते आणि महिन्यात अशा आठ वस्तू खपतात, तर सुटलेले आठशे रुपये लिही. त्यातून प्रवास, फोन आणि नमुन्यांचा खर्च वजा कर, आणि उरलेला आकडा कितीही लहान असला तरी तोच तिला दाखव. व्यासपीठावर ऐकलेल्या मोठ्या आकड्यांच्या आशेवर कोणाला नोकरी सोडू देऊ नकोस. या क्षेत्रात बहुतेकांचे उत्पन्न जोडउत्पन्नच राहते, आणि हे आधी सांगितलेली माणसे पुढे निराश होऊन तुटत नाहीत.

गप्प झालेल्या आठ जणींना या आठवड्यात भेट, पण पॉइंटचा विषय काढू नकोस. कोणाला काम सोडायचे असेल तर कूलिंग-ऑफची, म्हणजे दंड न भरता करार सोडता येण्याची, मुदत आणि माल परत घेण्याची अट तिच्या करारात पाहा, अर्ज तूच भरून दे आणि पैसे जमा होईपर्यंत पाठपुरावा कर. ज्यांना राहायचे आहे त्यांपैकी एकीपासून, शक्यतो तुझ्या घराजवळ राहणारीपासून, वर लिहिल्याप्रमाणे सुरुवात कर. तिच्या दहा नावांची यादी तयार झाली की तिला घेऊन माझ्याकडे ये. पहिल्या भेटींची तयारी आपण तिघी मिळून करू.

तुझी,
ताई