कॉलेज खेळाडूंचे पैसे: मानधन, पगार की वाटा?

अमेरिकेत राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहीत आहेत. विद्यापीठांच्या फुटबॉल-बास्केटबॉल संघांतल्या मुलांना आता पैसे मिळू लागले आहेत, तर त्याला मराठीत काय म्हणावं? त्यांनी ‘मानधन’ लिहिलं, संपादकांनी त्याचा ‘पगार’ केला, आणि त्यांच्या वडिलांच्या मते शिकणाऱ्या मुलाला मिळते ती ‘शिष्यवृत्ती’च. शिवाय ‘स्टुडंट-ॲथलीट’ला ‘विद्यार्थी-खेळाडू’ बरोबर आहे का, आणि मुलं एका विद्यापीठातून दुसऱ्यात जातात त्याला ‘बदली’ चालेल का, हेही त्यांनी विचारलं आहे.

ताई, आधी ते ‘मानधन’ काढा. बाकीचं सावकाश बघू.

माझी आत्या अंगणवाडी सेविका होती. सकाळी वजनकाटा, मग मुलांची खिचडी, दुपारी गरोदर बायकांच्या घरी फेऱ्या आणि रात्री दिव्याखाली रजिस्टरं. घराचे गळके पत्रे बदलायला ती बँकेत कर्ज मागायला गेली, तेव्हा मी तिच्यासोबत होतो. पासबुकात दर महिन्याला पैसे जमा झालेले दिसत होते. काउंटरवरच्या माणसाने ते पासबुक उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाला, “बाई, हे मानधन आहे. पगाराची स्लिप आणा.” आत्या काही बोलली नाही. पासबुक पिशवीत घातलं आणि आम्ही एसटीने परत आलो. त्या दिवसापासून हा शब्द मला कधीच गोड लागला नाही.

पाहुण्या वक्त्याला शाल-श्रीफळासोबत पाकीट देतात, ते मानधन. त्यात किती आहे हे विचारायचं नसतं आणि कमी वाटलं तरी बोलायचं नसतं, कारण तो मान आहे आणि मानाची घासाघीस करत नाहीत. एका संध्याकाळच्या व्याख्यानाला हे शोभतं. रोज हजेरी लावून केलेल्या कामाला तोच शब्द लावला, की आदर दाखवता दाखवता हक्क काढून घेतला जातो. अंगणवाडी योजना १९७५ साली सुरू झाली. सेविकांना मिळणारं मानधन ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरतं तरी ‘वेतन’च आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते २५ एप्रिल २०२२ रोजी. मध्ये सत्तेचाळीस वर्षं गेली.

या शब्दाचा मूळ अर्थ तर तुमच्या विषयाला फारच लागू पडतो. संस्कृतात ‘मानधन’ ही रक्कम नव्हती. तो बहुव्रीही समास होता: मान हेच ज्याचं धन, असा माणूस. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’त, पहिल्याच सर्गात, हेर म्हणून गेलेला वनेचर युधिष्ठिराला दुर्योधनाच्या धनुर्धरांविषयी सांगतो. त्यांना तो ‘मानधन’ म्हणतो आणि लगेच पुढचा शब्द येतो ‘धनार्चित’, म्हणजे धन देऊन सन्मानलेले. मानी माणसाला पैसे दिले तर त्याचा मान जातो, असं भारवीला वाटलेलं दिसत नाही. अमेरिकी विद्यापीठं मात्र पाऊणशे वर्षं नेमकं तेच सांगत आली: पैसे घेतलेत तर खेळ बाटेल.

आता ‘स्टुडंट-ॲथलीट’. हा शब्द साधा वाटतो, पण त्याचा जन्म कोर्टकचेरीच्या भीतीतून झाला आहे. १९५५ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट लुइस कॉलेजचा एक खेळाडू फुटबॉलच्या सामन्यात डोक्याला मार लागून वारला. कामगाराला कामावर मृत्यू आला तर घरच्यांना भरपाई मिळते, तशी त्याच्या पत्नीने मागितली. १९५७ साली कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कॉलेजक्रीडेची सूत्रं चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स. खेळाडूंना कोणी कर्मचारी ठरवेल या धास्तीने आपण ‘स्टुडंट-ॲथलीट’ हा शब्द आणला आणि सगळ्या नियमांत घुसवला, हे त्यांनी स्वतःच १९९५ साली आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. हे वाचलं तेव्हा मला आत्याचं पासबुक आठवलं.

म्हणून ‘विद्यार्थी-खेळाडू’ मला पटत नाही. मराठी म्हणूनही तो अवघडलेला आहे. मधल्या जोडरेघेमुळे तो ‘पालक-शिक्षक’सारखा द्वंद्व वाटतो, जणू दोन वेगळी माणसं आहेत. आपल्याकडे दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांच्या संदर्भात ‘खेळाडू विद्यार्थी’ म्हणतात आणि तिथे ते अगदी बरोबर आहे, कारण मुख्य नाम विद्यार्थी आहे आणि खेळ हे त्याचं विशेषण. अमेरिकेतल्या मोठ्या फुटबॉल संघांत गोष्ट उलटी आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी युनियनसाठी अर्ज केला, तेव्हा २०१४ साली अमेरिकी सरकारच्या कामगार मंडळाच्या अधिकाऱ्याने तपासून नोंदवलं की हंगामात ही मुलं आठवड्याला ४० ते ५० तास फुटबॉलला देतात. (मंडळाने पुढच्या वर्षी त्या प्रकरणात हात घालायचंच नाकारलं.) ज्याच्या हजेरीवर, झोपेवर आणि ताटावर दुसऱ्याचा ताबा आहे, त्याला ‘हौशी’ कसं म्हणायचं? हौस करणारा मनाला आलं नाही तर घरी बसतो. तुम्ही सरळ ‘कॉलेज खेळाडू’ लिहा. ‘विद्यार्थी-खेळाडू’ वापरायचा झाला तर संघटनेचा शब्द म्हणून अवतरणचिन्हांत वापरा.

पैशांकडे येतो. तुमच्या घरात तीन शब्दांवरून वाद झाला, कारण पैसेच तीन तऱ्हेचे आहेत.

वडिलांची ‘शिष्यवृत्ती’ पहिल्या तऱ्हेला लागू आहे. खेळाच्या बळावर फी, खोली, जेवण आणि पुस्तकं, ही पद्धत १९५६पासून रीतसर चालू झाली. १९७३ साली ती वर्षावर आली, म्हणजे दर वर्षी नूतनीकरण, आणि ते प्रशिक्षकाच्या मर्जीवर. नाव शिष्यवृत्ती, पण जुळत नसेल तर पुढच्या वर्षी घरी. जेवणाचे नियम तर इतके बारीक होते की अधल्यामधल्या खाण्याला बेगल हा गोल पाव चालायचा, पण त्याला लोणी किंवा क्रीम चीज लावलं की ते ‘जेवण’ ठरून नियमभंग व्हायचा. २०१४ साली कनेटिकटच्या विजेत्या बास्केटबॉल संघाचा शाबाझ नेपियर पत्रकारांसमोर म्हणाला की काही रात्री तो उपाशी झोपतो. त्याच महिन्यात एनसीएएने खाण्यावरची मर्यादा उठवली. कोल्हापूरच्या कुठल्याही तालमीत वस्तादाला हे ऐकवून बघा. पैलवानाला इनाम किती द्यायचं यावर वाद होईल, पण ‘खुराक’ हा वादाचा विषयच नाही. दूध, बदाम, तूप हे घातलंच पाहिजे, कारण ते अंग कमावण्याचं सामान आहे. या पहिल्या तऱ्हेला ‘शिष्यवृत्ती आणि खुराक’ म्हणालात तरी मला आवडेल.

दुसरी तऱ्हा १ जुलै २०२१पासूनची. त्याच्या दहाच दिवस आधी, २१ जूनला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरच्या मर्यादांविरुद्धच्या ऑल्स्टन खटल्यात ९-० असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला होता. खेळाडूला आता आपलं नाव, चेहरा, ओळख वापरू दिल्याबद्दल बाहेरच्या कंपन्यांकडून पैसे घेता येतात. इंग्रजी आद्याक्षरांनी याला ‘एनआयएल’ म्हणतात. मराठीत ‘छबी’ हा शब्द यासाठी तयारच आहे. एड ओ’बॅनन हा १९९५च्या विजेत्या यूसीएलए संघाचा खेळाडू. पुढे कित्येक वर्षांनी एका व्हिडिओ गेममध्ये त्याला तो स्वतःच दिसला: नाव कुठेच नाही, पण तोच ३१ क्रमांक आणि तोच डावखुरा नेम. गेम विकला जात होता आणि याला छदाम मिळत नव्हता. २००९ साली तो कोर्टात गेला. नाव न घेताही माणूस उचलता येतो, ते ‘छबी’त बसतं. म्हणून ‘नाव आणि छबीचा मोबदला’ असं लिहा. ‘मोबदला’ हा रोखठोक शब्द आहे. काहीतरी दिलं, त्याच्या बदल्यात काहीतरी घेतलं.

इथे तुमच्या वाचकांसाठी एक गोष्ट ठळक लिहा. मराठी घरांतली काही मुलं भारतातून टेनिस, पोहणं, स्क्वॉशच्या शिष्यवृत्तीवर तिकडे येतात, ती बहुधा विद्यार्थ्यांच्या एफ-वन व्हिसावर. या व्हिसावर काम करून कमावण्यावर कडक बंधनं आहेत. सोबतचा अमेरिकी खेळाडू जाहिरातीत दिसून पैसे घेतो, तेच याने केलं तर व्हिसा धोक्यात येऊ शकतो. तिथे ‘मोबदला’ आणि ‘शिष्यवृत्ती’ यांतला फरक नुसता भाषेचा राहत नाही.

तिसरी तऱ्हा सगळ्यात नवी. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या ‘हाउस’ नावाच्या खटल्यात ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी तडजोड मान्य केली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई, आणि १ जुलै २०२५पासून विद्यापीठाने स्वतः खेळाडूंना पैसे द्यायची मुभा, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. तिकिटं, टीव्हीचे हक्क, प्रायोजक यांच्या उत्पन्नातून हे येतं. याला आपला जुना शब्द ‘वाटा’. शेतात वाटा असतो, वाड्यात वाटा असतो, आणि वाटा मागणाऱ्याला कोणी लाचार म्हणत नाही. मानधनाच्या अगदी विरुद्ध टोकाचा शब्द आहे हा, म्हणून मला तो इथे फार हवासा वाटतो. फक्त वाटेकरी वाटणीला समोरासमोर बसतात, तसं इथे झालेलं नाही. कमाल रकमेचा आकडा खटल्याच्या तडजोडीत ठरला, खेळाडूंच्या युनियनने बसून ठरवलेला नाही. म्हणून ‘ठरवून दिलेला वाटा’ म्हणणं जास्त खरं.

मग संपादकांचा ‘पगार’? शब्द सुंदर आहे, पोर्तुगिजांकडून गोव्यामार्गे आलेला. पण पगार म्हटला की मालक आणि नोकर आले, आणि ती गाठ अजून कायद्याने बांधलेली नाही. डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल खेळाडूंनी मार्च २०२४मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियन निवडली होती, पण वर्ष संपता संपता तो अर्ज मागे घेतला गेला. २०२१ साली कामगार मंडळाच्या मुख्य वकील जेनिफर अब्रुझो यांनी तर पत्रकच काढलं होतं की ‘स्टुडंट-ॲथलीट’ म्हणणं हेच मुळात दिशाभूल करणारं आहे. त्यांनी त्या मुलांसाठी नुसता ‘प्लेअर्स’ हा शब्द घेतला. २०२५ साली ते पत्रकही रद्द झालं. माझ्या मनात त्यांना पगार, विमा आणि दुखापतीची भरपाई मिळायला हवी, पण आज लेखात ‘पगार’ लिहिणं म्हणजे न मिळालेली गोष्ट मिळाली असं सांगणं होईल.

‘विद्यावेतन’ तुम्ही विचारला नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. निवासी डॉक्टरांना तो चपखल बसतो, कारण ते जे काम करतात तेच शिकत असतात. फुटबॉल खेळणारा मुलगा वर्गात अर्थशास्त्र शिकतो. त्याचं खेळणं त्याच्या पदवीचा भाग नाही, म्हणून तो शब्द इथे नको.

राहिली ‘बदली’. ती अजिबात नको. ‘बदली खेळाडू’ म्हणजे राखीव बाकावरून आत आलेला, हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. शिवाय आपल्याकडे बदली होते ती तलाठ्याची, मास्तरांची, आणि ती वरून होते. इथे मुलगा आपणहून निघतो. ऑक्टोबर २०१८पासून ज्या यादीत नाव घालून तो हे जाहीर करतो, तिला ‘ट्रान्सफर पोर्टल’ म्हणतात. पूर्वी मोठ्या खेळांत संघ बदलला तर एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२१पासून एकदा विनाशिक्षा जाता येऊ लागलं, आणि २०२४पासून अभ्यासाच्या अटी पाळून कितीही वेळा. ‘संघबदल’ लिहा, तो कळतोही आणि त्यात दोषही नाही. ‘पक्षांतरा’च्या धर्तीवर ‘संघांतर’ही होईल, पण पक्षांतराचा वास त्याला येणारच. त्या मुलांना तो का चिकटवायचा? टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने फुटबॉल प्रशिक्षक जिंबो फिशर यांना नोव्हेंबर २०२३मध्ये करार संपायच्या आधी काढलं, तेव्हा त्यांना साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागत होतं. त्यांच्या हातात करार होता. मुलांच्या हातात तेव्हा वर्षाची शिष्यवृत्ती आणि कोणीतरी दिलेला ‘शब्द’ असायचा. २०२४ साली नेवाडा-लास वेगास विद्यापीठाच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे फुटबॉल संघाचा डाव चालवणाऱ्या मुख्य खेळाडूने, तीन सामने जिंकून हंगाम चालू असतानाच संघ सोडला. कबूल केलेले पैसे दिले नाहीत, असं त्याच्या बाजूचं म्हणणं होतं, आणि असं काही ठरलंच नव्हतं, असं विद्यापीठाचं. मराठीत ‘शब्द देणे’ आणि ‘करार करणे’ यांत जे अंतर आहे, ते असं कागदावर येतं. लेखात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका.

दुसऱ्या विद्यापीठाच्या लोकांनी खेळाडूला आधीच गुपचूप गाठून वळवलं, तर इंग्रजीत ‘टॅम्परिंग’ म्हणतात. त्याला ‘खेळाडू फोडणे’. याहून नेमका शब्द महाराष्ट्रात कोणाला शोधावा लागणार नाही. मात्र फोडणारा दोषी असतो, निघून जाणारा प्रत्येक जण फुटलेला नसतो, एवढं वाक्यरचनेत सांभाळा.

तुमचं पहिलं वाक्य मग असं होईल: “अमेरिकी विद्यापीठांच्या खेळाडूंना आधी शिष्यवृत्ती मिळायची; २०२१पासून नाव आणि छबीचा मोबदला घेता येऊ लागला; आणि २०२५च्या जुलैपासून विद्यापीठाच्या क्रीडा-उत्पन्नात त्यांना ठरवून दिलेला वाटा मिळू शकतो, पगार मात्र अजून नाही.”