पासवर्ड चुकला तर रिट्राय नको

प्रश्न : अंधेरीतील आमच्या कार्यालयात रोज रात्री पायथनची एक स्क्रिप्ट पुरवठादाराच्या सर्व्हरवरून बिले उतरवून घेते. पावसाळ्यात नेट वारंवार तुटते, म्हणून फंक्शनवर मीच लिहिलेला रिट्रायचा (फसल्यास पुन्हा प्रयत्न करणारा) डेकोरेटर, म्हणजे फंक्शनभोवतीचे वेष्टन, लावला आहे. परंतु पासवर्ड बदललेला असला तरी तो लॉगिन करतच राहतो आणि खाते लॉक होते. ठरावीक एक्सेप्शनवर (स्क्रिप्ट चालताना येणाऱ्या चुकीवर) रिट्राय टाळता येईल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : टाळता येईल. डेकोरेटरमधील ट्रायखाली, ज्या एक्सेप्शनवर थांबायचे त्यांचा एक्सेप्ट (ती पकडणारा भाग) आधी लिहावा आणि त्यात नुसते रेज ठेवावे, म्हणजे चूक तशीच बाहेर जाते आणि पुढचा प्रयत्न होत नाही. सरसकट सगळे पकडणारा एक्सेप्ट त्याच्या खाली असावा. पायथन वरून खाली पाहत जातो आणि जुळणारा पहिलाच एक्सेप्ट घेतो, त्यामुळे क्रम उलटा झाला तर खालच्या ओळींपर्यंत पाळीच येत नाही. अशी एक्सेप्शन अनेक असतील तर ती टपलमध्ये (गोल कंसातील यादीत) द्यावीत, कारण तिथे चौकोनी कंसातील लिस्ट चालत नाही.

मात्र आपली अडचण एवढ्याने सुटेलच असे नाही. आपण वेबवरून माहिती मागवणारी रिक्वेस्ट्स लायब्ररी वापरत असाल, तर रेज-फॉर-स्टेटस हे फंक्शन चुकीच्या पासवर्डसाठी येणाऱ्या ४०१ या स्टेटस कोडवर (सर्व्हरच्या उत्तराच्या क्रमांकावर) आणि सर्व्हर तात्पुरता बंद असल्याच्या ५०३ वर एकच एचटीटीपी-एरर देते. म्हणजे पहिल्यावर थांबायचे आणि दुसऱ्यावर पुन्हा प्रयत्न करायचा, हा भेद एक्सेप्शनच्या प्रकारावरून कळतच नाही. त्यासाठी एक्सेप्टच्या आत रिस्पॉन्सचा स्टेटस कोड तपासावा आणि ४०१ किंवा ४०३ (परवानगी नाही) असल्यास तिथेच रेज करावे. ४२९ (फार विनंत्या झाल्या) आल्यास मात्र थोडे थांबून पुन्हा विचारण्यास हरकत नाही. किती थांबायचे ते सर्व्हर पुष्कळदा रिट्राय-आफ्टर या हेडरमध्ये सांगतो.

रिट्रायसाठी तयार लायब्ररी हवी असल्यास टेनॅसिटी चांगली आहे, आणि ठरावीक प्रकार वगळण्याची सोयही तिच्यात आहे. पण काहीही न सांगता तिचा डेकोरेटर लावला तर ती मध्ये क्षणभरही न थांबता अमर्याद प्रयत्न करते, म्हणून प्रयत्नांची मर्यादा आणि मधला वेळ दोन्ही द्यावेत.

माझे मत विचाराल तर वगळायच्या यादीपेक्षा रिट्राय करायची यादी लिहिणे अधिक सुरक्षित असते, कारण पहिल्या पद्धतीत व्हेरिएबलच्या नावातील साध्या चुकीवरही स्क्रिप्ट निष्कारण प्रयत्न करत बसते. या यादीत रिक्वेस्ट्सचेच कनेक्शन-एरर आणि टाइमआउट लिहावेत. पायथनचे स्वतःचे कनेक्शन-एरर हा निराळा वर्ग आहे आणि तो इथे उपयोगी पडत नाही.