दुसऱ्या गोलकीपरला पत्र

चि. पोरा,
अनेक आशीर्वाद.

रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा लांबलचक मेसेज सकाळी वाचला. दोन हंगाम बाकावर गेले, पहिला गोलकीपर हलायचं नाव घेत नाही, वडील म्हणतात नोकरी बघ, आणि के.एस.ए.ची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) नोंदणी तोंडावर आली. राहू की सोडू, असं विचारतोस. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

मी मस्कतला नोकरीला होतो हे तुला ठाऊक आहे. तिथल्या एका गोलकीपरबद्दल मी कधी सविस्तर बोललो नाही, ते आज सांगतो. अली अल हब्सी. जन्म १९८१ चा, क्लब अल मुधैबी, म्हणजे मस्कतपासून आत, डोंगरापलीकडच्या भागातला. तेव्हा ओमानमध्ये नुसत्या फुटबॉलवर घर चालत नव्हतं. कुणी सैन्यात, कुणी पोलिसात, आणि संध्याकाळी ऊन उतरलं की मैदानावर. अली मस्कतच्या सीब विमानतळावर अग्निशमन दलात कामाला होता. तुझे वडील नोकरीचं बोलतात तेव्हा तुझा चेहरा पडतो, म्हणून हे आधी सांगतोय. नोकरी करणाऱ्याचा खेळ खोटा ठरत नाही.

जॉन बरिज नावाचा इंग्लंडचा जुना गोलकीपर तिथल्या गोलकीपरांना शिकवायला आला होता. वयाच्या ४३ व्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये उभा राहिलेला माणूस. त्यानं या पोरात काय आहे ते ओळखलं. मधल्या काळात अली सलालाच्या अल नस्र क्लबकडून खेळला. मस्कतपासून हजारेक किलोमीटर दक्षिणेला. (सलालात पावसाळा येतो बरं का, डोंगर हिरवेगार होतात, कोकणची आठवण यावी इतके.) इंग्लंडला जायचं तर कामाचा परवाना मिळेना. म्हणून २००३ मध्ये तो नॉर्वेला गेला, ऑस्लोच्या लीन क्लबकडे. वाळवंटातून थेट बर्फात. पुढच्याच वर्षी नॉर्वेतला सर्वोत्तम गोलकीपर ठरला.

आता तुझ्या कामाचा भाग. जानेवारी २००६ मध्ये इंग्लंडच्या बोल्टन क्लबनं त्याला घेतलं. तिथं गोलात युसी यास्केलाइनेन उभा होता. फिनलंडचा, १९९७ पासून त्या क्लबात मुरलेला, आणि खरोखर फार चांगला. नॉर्वेत पहिल्या क्रमांकाचं बक्षीस घेऊन आलेला आपला माणूस बाकावर बसला. पहिल्या संघातून पहिला सामना मिळायला सप्टेंबर २००७ उजाडला, तोही लीग कपचा. त्या नोव्हेंबरात म्युनिकला बायर्नविरुद्ध यूएफा कपमध्ये तो गोलात होता, सामना २-२ सुटला. प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदा उतरला तो मार्च २००८ मध्ये, विगनविरुद्ध. म्हणजे दोन वर्षांहून जास्त वाट. तुझे दोन हंगाम मी कमी लेखत नाही, मला त्यातली रात्र न् रात्र माहीत आहे. पण आकडा तुझ्यासमोर असू दे.

लोक ही गोष्ट सांगताना म्हणतात, बघा किती संयम! मला ते अर्धवट वाटतं. नुसत्या संयमानं गोलकीपर गंजतो. अली बाकावर असताना दुसरीकडे सामने खेळत होता, आणि तेही जीव टांगणीला लावणारे. गल्फ कप, म्हणजे आखाती देशांची स्पर्धा. २००४ ला, तो बोल्टनला जाण्याआधी, ओमान तिच्या अंतिम सामन्यात कतारकडून पेनल्टीवर हरला होता. २००७ ला अंतिम सामन्यात अमिरातीकडून हरला. मग जानेवारी २००९, मस्कतमध्येच स्पर्धा. पाच सामने, आणि ओमाननं एकही गोल खाल्ला नाही. एकही नाही! अंतिम सामना सौदीविरुद्ध, १२० मिनिटं ०-०, मग पेनल्टीवर ६-५. मला तिकीट मिळालं नव्हतं. मस्कतच्या रुवी भागात एका मल्याळी माणसाच्या हॉटेलात उभ्यानं पाहिला, हातातला करक चहा तसाच गार झाला. नंतर मत्रहच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर पहाटेपर्यंत गाड्या, झेंडे, हॉर्न. अलीला त्या स्पर्धेचा सर्वोत्तम गोलकीपर म्हणून निवडलं, सलग चौथ्यांदा. आणि हा माणूस आपल्या क्लबात दुसरा गोलकीपर होता!

म्हणून तुला माझा पहिला प्रश्न हा आहे: गेल्या वर्षात तू पूर्ण नव्वद मिनिटं किती वेळा गोलात उभा राहिलास? तालमीच्या, म्हणजे आपल्या क्लबच्याच, संघाकडून असं नव्हे, कुठंही. कॉलेजकडून, जिल्ह्याकडून, गावच्या स्पर्धेत. उत्तर 'एकदाही नाही' असेल तर दोष सगळा प्रशिक्षकाचा नाही.

दुसरं, तुझ्यापुढे जो उभा आहे त्याच्याकडून तू काय घेतलंस? कॉर्नरला तो गोलरेषेवरून कधी निघतो, बचावफळीला काय ओरडतो, चेंडू हातात आल्यावर किती थांबतो. तुझ्या मेसेजमध्ये त्याच्या चुकांची यादी होती. त्याच्या एकाही चांगल्या गोष्टीचा उल्लेख नव्हता. ते मला खटकलं.

आणि आता सोडण्याबद्दल. सोडावं लागतं, रे. अली साडेचार वर्षं बोल्टनमध्ये राहिला, मला तर वाटतं वर्षभर आधीच निघायला हवं होतं. २०१० मध्ये तो विगनकडे लोनवर, म्हणजे हंगामापुरता उसना, गेला. विगन म्हणजे तळाशी धडपडणारा संघ, दर आठवड्याला गोलावर मारा. गोलकीपरला याहून चांगली शाळा नाही. हंगामाच्या शेवटच्या दिवशी स्टोकला १-० हरवून संघ प्रीमियर लीगमध्ये टिकला, आणि विगनचा त्या हंगामातला सर्वोत्तम खेळाडू अली ठरला. तो मोठ्या नावाकडे गेला नाही, जिथं त्याची गरज होती तिथं गेला.

मी तुझ्या वयात रागानं सोडलं होतं. हंगामाच्या मध्यात, एका सामन्याच्या यादीत नाव नाही म्हणून. पुढचा संघ ठरवला नव्हता. वर्षभर ग्लोव्हज पिशवीतच राहिले, आणि त्यानंतर मी मस्कतचं विमान पकडलं. ती नोकरी चांगली होती, तिच्यावर घर उभं राहिलं. पण ते एक वर्ष आजही डोळ्यांसमोर येतं, आणि तुझा मेसेज वाचताना तेच आलं.

एक सांगायला हवं. विगननं २०१३ मध्ये वेम्बलीवर मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला, त्या दिवशी गोलात होएल रोब्लेस होता आणि अली परत बाकावर. बाक असा पुन्हा येतो. त्यानंतर तो ब्रायटन, रेडिंग, सौदीचा अल हिलाल असा फिरत खेळत राहिला.

तर नोंदणीच्या आत एवढं कर. प्रशिक्षकांना एकटा भेट, वडिलांना किंवा मित्रांना नेऊ नकोस. विचार, या हंगामात मला किती सामने मिळतील. उत्तर गोलमोल आलं तर खालच्या गटातल्या, गोलकीपर नसलेल्या दोन संघांशी मी बोलून ठेवलं आहे. तिथं तुझ्यावर भरपूर मारा होईल. नोकरीची जी मुलाखत आली आहे तीही दे, सकाळपाळी मागून घे.

रविवारी सहाला पोलीस मैदानावर ये. ग्लोव्हज आण, मी चेंडू आणतो. कॉर्नरवरचे उंच चेंडू घेऊ, तुझा उजवा गुडघा अजून वर येत नाही.

तुझा,
काका