त्या 'वारली म्युरल'वाल्या बाणाबद्दल

अगं,

तुझ्या आर्किटेक्चर थीसिसच्या, त्या जुन्नरजवळच्या कॅम्पसच्या ड्रॉइंग शीट्स काल रात्री उशिरापर्यंत बघत बसलो. प्लॅन मस्त बसलाय, चौकातून चौकात जाणं तर फारच आवडलं, पण एन्ट्रन्सची भिंत कोरी सोडून तू नुसता बाण काढून 'वारली म्युरल' लिहिलंयस ना, तिथे मी अडकलो. राग मानू नकोस, हेच मीही केलंय. एका कॉलेजचं काम होतं, बिल्डिंग झाल्यावर उरलेल्या भिंतीवर चित्र काढून घेतलं, तीन पावसाळ्यात पोपडे धरून गळून गेलं. अजून तिकडून जाताना वाईट वाटतं.

तू मेक्सिको सिटीच्या युनिव्हर्सिटीची सेंट्रल लायब्ररी नीट बघ. आर्किटेक्ट आणि चित्रकार हुआन ओ'गॉर्मनचं काम, 1950 च्या आसपासचं. वरच्या मजल्यांवर फक्त पुस्तकं, पुस्तकांना ऊन नको, म्हणून खिडक्या जवळजवळ नाहीत, म्हणून चारी बाजूंनी एवढ्या मोठ्या बंद भिंती मिळाल्या. भिंत कोरी का, ते प्लॅनच सांगतो! त्या भिंतींवर चित्रं आहेत, उत्तरेला स्पॅनिश येण्याआधीचा मेक्सिको, दक्षिणेला स्पॅनिश राजवट, आणि रंग कुठेच लावलेला नाही. देशभर फिरून रंगीत दगड जमवले, निळा मात्र मिळेना तेव्हा निळी काच घेतली. ते तुकडे साच्यात मांडून वर काँक्रीट ओतायचं, मग तयार लाद्या भिंतीवर चढवायच्या. असं जवळपास 4,000 चौरस मीटर. सत्तर वर्षांच्या उन्हापावसात टिकलंय.

आणि अख्खा कॅम्पस शित्ले ज्वालामुखीच्या लाव्ह्यावर उभा आहे, तोच काळा दगड भिंतींना, फरसबंदीला. तिथेच आर्किटेक्ट आल्बेर्तो अराईच्या फ्रॉन्टॉन (भिंतीवर चेंडू मारायचा खेळ) कोर्टांच्या तिरप्या भिंती तर लांबून जुन्या पिरॅमिडसारख्याच दिसतात, कुठेही नक्षी चिकटवलेली नाही.

आता तुझ्याकडे ये. वारली डहाणू-पालघरकडची, लग्नघरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची, लग्नाच्या चौकासकट, म्हणजे त्या चौकोनी लग्नचित्रासकट. ती जुन्नरजवळच्या तुझ्या कॅम्पसच्या गेटवर ऍक्रिलिकने कशासाठी? तुझ्या साइटखाली पण लाव्ह्याचाच दगड आहे की! लेण्याद्रीला जा, पायऱ्या चढताना छिन्नीच्या खुणांवर हात फिरव, दुपारी तीननंतर बाजूने ऊन आलं की त्या कशा उठून दिसतात ते स्केच कर. फोटो नको, स्केचच.

रविवारी सकाळी घरी ये. साइटवरचे चार-पाच दगड पिशवीत घालून आण, ओले करून बघू कुठला काय रंग दाखवतो.