पोहणाऱ्या मुलीचं वजन वाढतंय, काय करू?

"मॅडम, एवढं पोहते तरी वजन वाढतंच आहे. आणि खांदे बघा, पाठमोरी मुलगाच वाटते." पोहणाऱ्या मुलींच्या आया बहुधा याच काळजीने येतात. मुक्ताची आईही हेच बोलली. (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.) चौदा वर्षांची मुक्ता शेजारी बसून स्वेटशर्टच्या बाह्या बोटांपर्यंत ओढत होती. ऐन एप्रिलात.

आईंना बाहेर थांबायला सांगितल्यावर ती बोलू लागली. तलावावर अधूनमधून चरबी मोजायचं मशीन आणतात आणि प्रत्येकाचा आकडा सगळ्यांसमोर वाचतात. तिच्या आकड्यावर कुणीतरी हसलं. तेव्हापासून रात्रीची पोळी बंद. पुढे डब्यातल्या पोळ्याही मैत्रिणीला जाऊ लागल्या. पहाटे उपाशीपोटी पाण्यात, आणि उडी मारेपर्यंत टॉवेल अंगाभोवती. "सर म्हणाले वजन कमी कर. खाणं कमी केलं. तरी शंभर फ्रीस्टाइलचं टायमिंग वाढतंच चाललंय."

मी पाळीबद्दल विचारलं. "चार महिने झाले, आली नाही. बरंच आहे ना, स्पर्धेत कटकट नाही."

नाही, हे बरं नाही. नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाही, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. सरावाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर काटकसर सुरू करतं. पाळी थांबते, थकवा जात नाही, हाडं कमकुवत होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' असं नाव दिलं. मुलांनाही ती होते. पोहणाऱ्यांची एक जास्तीची अडचण अशी, की त्यांचा भार पाणी उचलतं. धावण्या-उड्या मारण्याने हाडांना मिळणारा ताण पोहण्यात मिळत नाही, आणि हाडं भरण्याचं वय तर हेच. अशा वेळी ताटातली पोळी काढून घेणं मला फार धोक्याचं वाटतं.

वयात येताना मुलींच्या अंगावर थोडी चरबी चढणारच, ती वाढीचाच भाग आहे. त्या काळात टायमिंग काही काळ अडकतं, तेही नेहमीचंच. मशीनचं म्हणाल, तर ते अंगातून सौम्य वीजप्रवाह सोडून अंदाज बांधतं. पाणी किती प्यायलात, नुकताच सराव केलात का, यावरही आकडा हलतो. असा आकडा पोरीबाळींच्या घोळक्यात वाचून दाखवायची गरजच काय?

खांद्यांबद्दल मी आईंशी वेगळं बोलले. पाणी मागे ओढतात ते पाठीचे आणि खांद्यांचे स्नायू. ते भरले म्हणजे सराव अंगी लागला. "मुलगाच वाटते हे तिच्यासमोर पुन्हा म्हणू नका," असं मी स्पष्टच सांगितलं. त्या जरा थांबून म्हणाल्या, "सासूबाई म्हणतात, म्हणून माझ्याही तोंडात बसलं."

मग स्त्रीरोगतज्ज्ञ झाल्या, आहारतज्ज्ञ झाल्या. सरावाआधी केळं किंवा खजूर, बाहेर आल्याआल्या अंडी-पोळी, आणि रात्रीचं जेवण सगळ्यांबरोबर. आई-बाबा सरांना भेटले. आकडे मोठ्याने वाचणं थांबलं. मशीन मात्र अजून येतं, मुक्ता त्यावर उभी राहत नाही, आणि सरांनी ते मान्य केलंय.

काही महिन्यांनी पाळी परत आली. टायमिंग अजून जुन्या जागी आलेलं नाही. जिल्हा स्पर्धेत उतरायचं की नाही, हे डॉक्टर तपासणीनंतर सांगणार आहेत. तोवर तिचा सराव निम्म्यावर आणलाय, आणि त्यावरून ती माझ्यावर रागावलेली आहे.